रिकाम्या पाण्यावर नेम

स्टेशनच्या पुलावर मी एकदम थांबलो. थांबायचं काहीच कारण नव्हतं. प्रिंटरची शाई संपली होती, ती आणायला मी रुळांच्या पलीकडे निघालो होतो, क्लासमध्ये अकराची बॅच खोळंबून बसली होती, आणि पायऱ्या उतरायला मी पाय उचललाही होता. तेवढ्यात पुढे कुणीतरी जीभ टाळूला लावून दोनदा वाजवली. टक् टक्. माझा पाय हवेतच राहिला. मागून टोपली घेऊन येणारी बाई माझ्या पाठीवर आदळली. "काऊन बाबू, बीच रस्त्यात खांब होऊन राहिलास?" ती म्हणाली, आणि मला कोपर मारून पुढे गेली. मी कठड्याला सरलो. माझ्यापासून चार पायऱ्या खाली आणखी एक माणूस तसाच एक पाय उचलून थांबला होता. एवढ्या गर्दीत त्या आवाजाला थांबणारे आम्ही दोघेच. तो पाठमोरा होता. काखेत घडीची पांढरी काठी, हातात कापडी पिशवी, मान जराशी डावीकडे कललेली. शेजारची पिवळ्या ओढणीची मुलगी त्याला सांगत होती की पुढची पायरी फुटली आहे. मान पाहिली आणि मला कळलं, हा ओमेश. सात वर्षांत केस विरळ झाले होते, खांदे उतरले होते, पण मान तीच होती.

दोनदा टक् म्हणजे थांब. एकदा टक् म्हणजे रस्ता साफ, सरळ चाल. ही बोली जगात दोघांनाच येते असं मी धरून चाललो होतो. बोलणारा मी आणि ऐकणारा तो. आता तिसरंच माणूस ती बोलत होतं, आणि नीट बोलतही नव्हतं. मुलीचा टक् जड होता, ओला होता. माझा कोरडा असायचा, सुपारी फुटल्यासारखा. मला राग आला. मित्र दिसल्याचा आनंद नाही, लाज नाही, भीती नाही. आधी आला तो रागच. आपली सायकल कुणी न विचारता नेली की येतो तसला. मग मी त्यांच्या मागे चालू लागलो. शाई गेली खड्ड्यात. बरोबर पाठीमागे, पंधरा पावलं अंतर ठेवून. पाणबुडीच्या कानाला चारी बाजूंचं ऐकू येतं, फक्त अगदी मागचं येत नाही, कारण मागे तिचाच पंखा घुमत असतो. ज्याचा पाठलाग करायचा त्याच्या त्या बहिऱ्या पट्ट्यात राहावं. हे मला ओमेशनंच शिकवलं होतं, आणि ते त्याच्यावर वापरताना मला काही वाटलं नाही.

घनश्यामच्या सायबर कॅफेत सहा कम्प्युटर होते. पाचांवर पोरं गोळ्या झाडायची आणि गाड्या पळवायची. सहाव्यावर, भिंतीकडच्या, आम्ही दोघं पाणबुडी चालवायचो. दोन हजार पाच साल. आमच्यापैकी कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता. नवेगावबांधच्या तलावाहून मोठं पाणी मला ठाऊक नव्हतं, आणि ओमेशनं तर तेही शाळेच्या सहलीत, बसच्या खिडकीतून पाहिलं होतं. घनश्याम हसायचा. "अरे, तासभर नुसते काले पानी को देखते बसते तुम लोग. हे काय गेम हाये?" त्याचं खरं होतं. तासभर काहीच घडायचं नाही. तीच तर मजा होती. खेळात एक सोय होती, कम्प्युटरनं स्वतःच नेम धरायचा आणि आपण फक्त बटण दाबायचं. ती सोय मी पहिल्याच आठवड्यात बंद केली. माझा नेम मला स्वतः धरायचा होता. सुरुवातीला सगळे धरतात तसा जहाजावरच धरला. टॉर्पेडो पाण्यातून मिनिटभर जातो, आणि मिनिटभरात जहाज निघून गेलेलं असतं. सतरा टॉर्पेडो मी असे समुद्राला वाहिले. पोरं म्हणायची, कप्तान मासे मारून राहिला.

मग त्या खेळाबरोबर आलेलं जाडं इंग्रजी पुस्तक मी डिक्शनरी घेऊन वाचलं. महिना लागला. त्यात एक रीत होती, आणि ती कळली त्या दुपारी मी कॅफेच्या बाहेर येऊन उगाच रस्त्यावर उभा राहिलो होतो. जहाजावर नेम धरायचाच नाही. जहाज कुठून कुठे चाललंय ती रेघ काढायची. त्या रेघेच्या बाजूला, काटकोनात, पाणबुडी उभी करायची. इंजिन बंद. मग जहाजाचा वेग आणि टॉर्पेडोचा वेग यांवरून एक कोन काढायचा. जहाज आठ नॉट, टॉर्पेडो तीस, म्हणजे पंधरा अंश. पेरिस्कोप तेवढा वळवून ठेवायचा, जिथं अजून काही नाही तिथं, रिकाम्या पाण्यावर, आणि मग हलवायचा नाही. बसून राहायचं. जहाज आपल्या पायांनी चालत येतं आणि काचेतल्या उभ्या तारेला नाक लावतं. त्या क्षणी बटण. अंतर किती हे मोजायचीसुद्धा गरज नाही. पाचशे मीटर असो की हजार, कोन तोच. एकच अट. जहाज सरळ चाललं पाहिजे. जे नागमोडी जातं, थांबतं, शंका घेतं, ते वाचतं. ज्याचा समुद्रावर विश्वास असतो ते मरतं.

वेग मात्र मला नीट काढता यायचा नाही, आणि तिथं ओमेश लागायचा. तो हेडफोन लावून डोळे मिटायचा आणि जहाजाच्या पंख्याचे ठोके मोजायचा. "मालवाहू हाये. मिनिटाले सत्तर. सात नॉट धर, कप्तान." मी घड्याळ लावून ताडून पाहायचो, जहाजाची लांबी तारेवरून सरकायला किती सेकंद लागतात ते, दरवेळी त्याचंच बरोबर निघायचं. त्याचं बाजारात रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं, तिथंही तो मशीन उघडायच्या आधी कानाशी धरायचा आणि सांगायचा, पट्टा सैल झालाय, नाहीतर कुठला सांधा सुटलाय. पोरं म्हणायला लागली, जहाज बुडवते ओमेश, लोकेंद्र नुसता खुर्ची गरम करते. मी हसायचो. एकदा मी एक दवाखान्याचं जहाज बुडवलं. पांढरं होतं, कडेला लाल खूण होती, खेळाच्या नियमाप्रमाणे त्याला हात लावायचा नसतो, गुण कापले जातात. पण ते इतकं सरळ येत होतं, कोन इतका स्वच्छ जुळला होता, की तो वाया घालवणं माझ्याच्यानं झालं नाही. ते बुडताना लोखंड चिरडल्याचा आवाज येतो. ओमेशनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि दोन दिवस कॅफेत आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा एवढंच म्हणाला, "तू फक्त पायतेस रे. मले आयका लागते."

डोळ्यांचं त्यानं मला त्याच पावसाळ्यात सांगितलं. नागपूरच्या डॉक्टरनं निदान केलं होतं. आधी अंधारात दिसायचं बंद होईल, मग कडा जातील, मग नळीतून पाहिल्यासारखं मधलं तेवढं दिसेल, आणि एक दिवस तेही जाईल. इलाज नाही. "माजे डोरे पेरिस्कोप होऊन राहिले, कप्तान," तो म्हणाला आणि हसला. घरात आई धुरपताबाई, वडील उदारामजी आणि मंजू, आठ वर्षांनी धाकटी बहीण, एवढ्यांनाच ठाऊक होतं. बाहेर फक्त मला. दिवेलागणीला त्याला काहीच दिसायचं नाही, आणि ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून आम्ही टक्ची बोली काढली. मी त्याच्या पुढे चालायचो, सुपारी चघळल्यासारखा, आणि तो माझ्या आवाजावर येत राहायचा. नाल्याजवळ दोन. म्हशीजवळ दोन. मोकळ्या रस्त्यावर एक. दोन वर्षांत तो एकदाही पडला नाही. लोकांना वाटायचं, दोन दोस्त टवाळक्या करत चाललेत. कुणी कधी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. मला ते आवडायचं. घरात बाप मला नालायक म्हणायचा, नोकरी नव्हती, पण एक सबंध माणूस माझ्या जिभेवर चालत होता. असं कुणाच्या वाट्याला येतं?

मग त्याचं लग्न निघालं. अर्जुनी मोरगावची मुलगी, बारावी झालेली, शिवण येणारी. तिचे आजोबा मनिराम घरातले कर्ते. त्यांनी येऊन पोरगा पाहायचा आणि हो म्हणायचं, की झालं. ओमेश मला दुकानात म्हणाला, "माय म्हनते लपव. मी नाही लपवत. जेवन होऊ दे, मंग मनिरामजीले बाजूले घेऊन सोता सांगतो. आधी मानूस पायतील, मंग डोरे. मंग नाही म्हनले तरी चालन." थोडा वेळ तो स्क्रू गोळा करत राहिला. मग म्हणाला, "हो म्हनले तर तुले सुट्टी, कप्तान. टक् टक् तिले सिकवीन." तो हे माझ्यावरचं ओझं उतरवतो आहे अशा आवाजात बोलला. मी म्हणालो, बरं झालं. घरी येऊन जेवलो. झोप नीट लागली. पण दुसऱ्या दिवसापासून माझ्या डोक्यात त्या भेटीची रेघ निघायला लागली. मी ती काढत होतो असं म्हणणं खोटं होईल, आणि नव्हतो म्हणणं त्याहून खोटं. धुरपताबाईनं सगळं उजेडात बसवलं होतं. पाचला पाहुणे येणार, ओमेश स्वतः त्यांना पाय धुवायला पाणी देणार, साडेपाचला पानं, सहाच्या आत हात धुवून मोकळे. जानेवारी होता, पावणेसहाला सूर्य बुडायचा. त्या वर्षी लोडशेडिंगचं वेळापत्रक पेपरात यायचं आणि ओमेशच्या वस्तीची वीज बरोबर सहाला जायची. धुरपताबाईनं ते पेपरातून कापून भिंतीला लावलं होतं. साडेचारच्या गाडीनं येणाऱ्या पाहुण्यांना स्टेशनवरून घेऊन यायचं काम माझ्याकडे होतं. मला काहीच करायचं नव्हतं. फक्त एक तास हवा होता.

तो तास माझ्या घरीच होता. माझे वडील उदेलाल. आमचे पूर्वज माळव्यातून इकडे कसे आले, वाटेत कुठं थांबले, कोणी आधी जंगल तोडून धान लावलं, हे सांगायला त्यांना कुणीही चालतं, आणि ते पाऊण तासाच्या आत कधी संपलेलं नाही. मी पाहुण्यांना म्हणालो, दोन मिनिटं, रस्त्यातच घर आहे, आमच्या बाबूजींच्या हातून पानसुपारी घेतल्याशिवाय त्यांना राग येईल. मनिरामजी खूश झाले. माझे बाबूजी नर्मदेपर्यंत पोचले तेव्हा मी घड्याळ पाहिलं, आणि ठीक चाललं होतं. बरोबर मुलीची आजी होती, देवकाबाई, गोल चेहऱ्याची, दोन्ही हातांत कोपराच्या अर्ध्यावर हिरव्या बांगड्या. तिला वाटेत मी म्हणालो, "आजी, पोरगा कसा हाये हे पायचं असन तर त्याच्या हातून वाढून घ्या. बायाबापड्यांच्या हातचं तर सारेच जेवते." ती हसली. म्हणाली, "हुशार हायेस रे बाबू तू." टॉर्पेडो किती खोलीवर धावायचा हे डागायच्या आधी ठरवावं लागतं, वर राहिला तर लाट त्याला उडवते, फार खाली गेला तर तो पोटाखालून निघून जातो.

आम्ही पोचलो तेव्हा पावणेसहा होऊन गेले होते. धुरपताबाईचा चेहरा उतरला, पण तिनं मला दोष दिला नाही, उलट म्हणाली, "बाबू, तू तरी जवर राहजो." अंधुक झालं म्हणून पाय धुवायला पाणी मंजूनं दिलं. ओसरीवर घाईनं पानं मांडली. समोरासमोर दोन रांगा, मधून वाढणाऱ्याला वाट. देवकाबाईचा गुडघा दुमडत नव्हता. मी म्हणालो, आजी इथं भिंतीला टेका, आणि तिला रांगेच्या टोकाला बसवलं, पाय लांब करून. तिचं पान त्यामुळे हातभर वाटेत आलं. मी स्वतः आडव्या बाजूला बसलो, वाटेच्या काटकोनात. देवकाबाई म्हणाली, "जावयाच्या हातून पानी वाढू द्या की." धुरपताबाई म्हणाली, "मी वाढतो ना." मनिरामजी म्हणाले, "वाढू द्या, वाढू द्या, पोरगा लाजून राहिला काय?" सगळे हसले. सहा वाजले. वीज गेली. मंजू कंदील आणायला आत पळाली. आम्हा सगळ्यांना पुरेल एवढा उजेड अंगणातून अजून येत होता. हात दिसत होते, भात दिसत होता.

ओमेश पाण्याचा गडवा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. मान डावीकडे कलवली. तो माझी वाट पाहत होता. मी एकदा वाजवलं. टक्. सरळ चाल. त्याच्या तोंडावर जे आलं ते मी पाहिलं. आईच्या हाताला हात लागल्यावर लहान पोराच्या तोंडावर येतं तसलं काहीतरी. तो चालू लागला. दारापासून देवकाबाईचं पान अकरा पावलं. मी मोजत होतो. आठव्या पावलाला दोनदा वाजवायचं होतं. माझी जीभ टाळूला लागलेली होती, मला आजही तेव्हाचा तोंडातला सुपारीचा तुरटपणा आठवतो. आठ. मी काय विचार करत होतो? काही नाही. इतकं स्वच्छ जुळलं होतं. नऊ. दहा. त्याची टाच देवकाबाईच्या पानाजवळ टेकलेल्या मनगटावर पडली.

बांगड्या फुटल्याचा आवाज फार मोठा नसतो. मग गडवा पडला, मग ती ओरडली. "माजा चुडा फोडला रे! मालक समोर बसला असताना चुडा फोडला!" मनिरामजी उठले, त्यांचं धोतर पाण्यानं भिजलं होतं. मंजू कंदील घेऊन आली आणि त्या उजेडात सगळ्यांनी पाहिलं: म्हातारीच्या मनगटातून रक्त, पानातल्या भातात हिरवी काच, आणि ओमेश गुडघ्यांवर, दोन्ही हातांनी जमीन चाचपत, कंदील तोंडासमोर असून चाचपत. देवकाबाई रडायची थांबली. तिनं आपला दुसरा हात त्याच्या डोळ्यांसमोर हलवला. "आंधरा हाये," ती हळू म्हणाली. मग जोरात, "आंधरा हाये हा! आंधरा पोरगा गऱ्यात बांधून राहिले आमच्या!" ओमेश काहीतरी सांगायला बघत होता, मी सांगनार होतो, जेवन झाल्यावर सांगनार होतो, पण कुणी ऐकत नव्हतं. उदारामजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पाहुणे न जेवता उठले. त्या गोंधळात ओमेशनं एकच विचित्र गोष्ट केली. त्यानं दोन्ही कानांत बोटं घातली आणि हलवली, आंघोळीनंतर पाणी काढतात तशी, आणि मान वाकडी करून झटकली. मी त्याला उठवायला पुढे झालो. धुरपताबाईला धीर दिला. रात्री मीच काच वेचली.

पंधरा दिवसांत आठ गावांना कळलं की गोंदियाच्या आंधळ्या पोरानं सुवासिनीचा चुडा पायाखाली फोडला. पुढे कुणी मुलगी दाखवायला आलं नाही, हे सांगायला नको. मला वाटलं होतं, आता तो माझाच राहील, आता टक् टक् कुणाला शिकवायची नाही. पण त्यानं दुकानाचं शटर ओढलं ते ओढलंच. मी घरी गेलो की तो खाटेवर बसलेला असायचा, रेडिओ बंद. मी एकदा टक् केलं तर तो म्हणाला, "नोको, कप्तान. डोऱ्यांचा ठाऊक होता. आता कान बी दगा देऊन राहिले." मला तेव्हा हसू आलं होतं, हे मी लपवत नाही. नंतर नंतर मी जाणं बंद केलं. पाणबुडी काही दिवस एकट्यानं चालवली. वेग चुकायचा, टॉर्पेडो मागून जायचे. घनश्यामनं कॅफे मोडून मोबाईलचं दुकान टाकलं, आणि मी हा क्लास काढला.

"कप्तान?"

ओमेश वळलाही नव्हता. खालच्या फलाटावर बाकाजवळ तो उभा होता आणि तोंड रुळांकडेच होतं. "पुलापासून मांगं हायेस. चप्पल चामड्याची, डावी घासते." पिवळ्या ओढणीनं गर्रकन वळून पाहिलं, ती मंजू होती. त्या दिवशी ती पंधरा-सोळाची होती, आता बाई झाली होती. नागपूरची गाडी फलाटाला लागलेली होती. मी म्हणालो, "अरे ओमेश! ओळखूच नाही आलास." खोटं बोलायला मला कधी अडचण पडत नाही. त्यानं हात पुढे केला, मी धरला, आणि त्यानं तो बराच वेळ सोडला नाही. म्हणाला, नागपूरला एका दवाखान्यात फोन घ्यायचं काम मिळून राहिलं आहे. राहायची सोय तिथंच. आज दोनपर्यंत पोचायचं. एकट्यानं. मंजू फक्त गाडीत बसवायला आली आहे. "हिचं बी जमून हाये. देवरीचा पोरगा, मास्तर. दोन साल झाले थांबून हाये. दादाले सोडून जात नाही म्हनते पोट्टी." मंजू म्हणाली, "दादा, गाडीत बस. सुटनार आता." तिच्या हातात तिकीट होतं, एकच. हाताला घाम आला असावा, ते मऊ पडलं होतं.

"बसतो," तो म्हणाला, पण हलला नाही. "कप्तान, एक गोस्ट इचारू? तू भेटलास हे बरं झालं. तुले सोडून कोनी सांगू सकत नाही." मी म्हणालो, विचार. "त्या दिवसी. एक टक् मले आयकू आला. मंग दोन आले नाही. तू केला होतास काय?" तो घाईनं बोलू लागला, हात न सोडता. "नागपूरच्या डॉक्टरनं मशीन लावून पाह्यलं. कान सलामत म्हनते. पन मशीन बंद खोलीत. मानसांत, गडबडीत, येनवेरेला दगा देतील तर? तिथी रोज रस्ता पार करा लागन, ट्रकचा रस्ता हाये. मंजू म्हनते, दादा, लोकेंद्रनंच केला नसन. मी म्हनलो, असा नाही करनार तो." मंजू माझ्याकडे पाहत होती. "तू केला नसन ना, तरी राग नाही, कप्तान. सप्पत घेऊन सांगतो. सात साल झाले, राग काहाचा? उलटा बराच होईन. मंग कान माजे चांगले हायेत. मी हा असा गाडीत चढतो. नुसता सांग. केला होतास काय?"

मला वाईट वाटलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून वाटेल की वाटलं नसावं. त्याचा हात कोरडा आणि हाडकुळा होता, आणि एक शब्द टाकला की तो माणूस गाडीत चढणार होता, ती मुलगी देवरीला जाणार होती. माझं काहीही जाणार नव्हतं. माफी आधीच तिकिटासारखी काढून ठेवलेली होती. पण तो इतका सरळ उभा होता. सात वर्षं तीच रेघ, तोच वेग, एक अंशही वळला नव्हता. पंधरा पावलांवरून माझी डावी चप्पल ओळखणारे कान, आणि त्यांच्यापेक्षा त्याचा विश्वास माझ्यावर जास्त. मी काही ठरवलं नाही.

"केलो होतो," मी म्हणालो. "दोनदा. चांगला जोरात."

मग मी वाट पाहिली. असा वेळ जातोच मध्ये. त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीच झालं नाही. "जोरात?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, हो रे, देवकाबाईनंसुद्धा वळून पाहिलं. हे देवकाबाईचं कुठून आलं ते मला माहीत नाही. त्यानं मान हलवली, दोनदा, एखादा हिशोब पटल्यासारखी, आणि माझा हात हळूच सोडला. "मंग बरोबर हाये," तो म्हणाला. "मंजू, चाल. घरी जाऊ." मंजू म्हणाली, "दादा, डॉक्टरनं सांगितलं ना!" तिचा आवाज चिरकला. "दादा, हा खोटा बोलून राहिला. दादा, आयक ना." तो म्हणाला, "कायले खोटा बोलन तो? त्याचा काय जाते?" आणि तिचा खांदा शोधून धरला, दोन्ही हातांनी. काठी बाकाशी पडली. ती मंजूनं उचलली. ती माझ्याकडे पाहत होती हे मला कळत होतं. मी पाहिलं नाही. डागून झाल्यावर पेरिस्कोप खाली घ्यायचा असतो.

ते पुलाच्या पायऱ्या चढू लागले. मी मागेच होतो, मलाही त्याच वाटेनं जायचं होतं. मंजू रडत होती आणि तिचं पायाखाली लक्ष नव्हतं. ती फुटकी पायरी जवळ आली. ओमेशचा पाय तिच्यावर पडणार हे मला वरून रेघ काढल्यासारखं दिसलं, आणि माझी जीभ आपसूक टाळूला लागली. टक् टक्. कोरडा, स्वच्छ, पहिल्यासारखा. सगळ्या फलाटाला ऐकू जाईल एवढा. ओमेशची मान डावीकडे कलली. म्हणजे ऐकलं त्यानं. पण पाय थांबला नाही. तो तसाच पुढे गेला, फुटक्या कडेवरून घसरला, गुडघ्यावर आदळला, आणि मंजूनं त्याला दंडाला धरून वर ओढलं. गुडघा चोळत तो तिथंच पायरीवर बसला.

"काही वाजला काय, मंजू?" त्यानं विचारलं.

"गाडी सुटली, दादा," मंजू म्हणाली.